सुपरमॅनचं भांडण नटावरून नाही, दिग्दर्शकावरून आहे: कॅव्हिल, कोरेन्स्वेट आणि जेम्स गन

घाटमाथा

११ जुलै २०२५ ला 'सुपरमॅन' लागला तेव्हापासून एकच वाद ऐकतोय. हेन्री कॅव्हिलला काढायला नको होतं, डेव्हिड कोरेन्स्वेट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उलट बाजूचे म्हणतात, कॅव्हिल नुसता देखणा होता, खरा सुपरमॅन आत्ता मिळाला. मला वाटतं दोन्हीकडचे लोक नटाला नको तेवढं श्रेय आणि नको तेवढा दोष देतायत.

आधी तारखा बघू. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'ब्लॅक ॲडम'च्या शेवटी कॅव्हिल क्षणभर दिसला आणि लगेच त्याने स्वतः इन्स्टाग्रामवर परत आल्याचं सांगून टाकलं. १ नोव्हेंबरला जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्या हाती डीसी स्टुडिओजची सूत्रं आली. डिसेंबरच्या मध्यावर कॅव्हिलनेच कळवलं की आता आपण नाही. मार्च २०२३ मध्ये गन स्वतः दिग्दर्शन करणार हे नक्की झालं आणि जूनच्या शेवटी सुपरमॅन म्हणून कोरेन्स्वेट आणि त्याची प्रेयसी लोइस लेन म्हणून रेचल ब्रॉस्नहन अशी नावं जाहीर झाली. म्हणजे गोष्ट आणि दिग्दर्शक आधी ठरले, नट मागाहून आले. गनला जगासमोर येऊन जेमतेम तीन वर्षं झालेला, अजून चुकणारा, रागावणारा सुपरमॅन हवा होता. दहा वर्षं एका वेगळ्या छापाची भूमिका केलेल्या नटाला तिथे आणून बसवता आलं नसतं, मग तो कितीही चांगला असो.

माझा खरा मुद्दा पुढचा आहे. सुपरमॅन निवडताना लोक छाती, दंड आणि जबडा बघतात. छाती-दंड कमावता येतात. ख्रिस्तोफर रीव्ह निवडला गेला तेव्हा किडकिडीतच होता. डार्थ व्हेडरच्या पोशाखातला डेव्हिड प्राउज, त्याने रीव्हकडून व्यायाम करून घेतला. कमावता येत नाही तो क्लार्क, म्हणजे सुपरमॅनचं चष्मेवाल्या वार्ताहराचं रोजचं रूप. १९७८ च्या चित्रपटात लोइसच्या घरातला तो प्रसंग आठवा. लोइस आतल्या खोलीत गेलीय. क्लार्क चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, चेहऱ्यावरचा बावळटपणा पुसला जातो, आवाज खाली उतरतो. तो तिला खरं सांगायला तोंड उघडतो आणि धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, मान पुढे, आवाज वर. कॅमेऱ्याची कसलीही करामत नाही, नुसता एक माणूस उभा आहे. ही ताकद रीव्हची होती, पण ती दाखवायला जागा दिग्दर्शक रिचर्ड डॉनरने ठेवली.

कॅव्हिलचा 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) १४३ मिनिटांचा आहे. त्यात क्लार्क चष्मा लावून डेली प्लॅनेट या वर्तमानपत्राच्या कचेरीत पाऊल टाकतो ते अगदी शेवटच्या प्रसंगात. दिग्दर्शक झॅक स्नायडरने कॅव्हिलला क्लार्क दिलाच नाही. त्यामुळे कॅव्हिल श्रेष्ठ की कोरेन्स्वेट ही तुलनाच मला बिनबुडाची वाटते. तुलना करायची तर स्नायडर आणि गन यांची करा.

पेठकर

+१. रीव्हचा तो प्रसंग अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने बघावा. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर पाच माणसं उभी करायचे तेव्हा वेश बदलायचाच, पण त्याआधी चाल बदलायची. रीव्ह तेच करतो.

चौथी_रांग

घाटमाथा, तारखा बरोबर आहेत. निष्कर्ष मला मान्य नाही.

स्नायडरने क्लार्क दिला नाही असं तुम्ही म्हणता तेव्हा क्लार्क म्हणजे धांदरट वार्ताहर असं तुम्ही धरून चालता. ती एक परंपरा आहे, एकमेव नाही. स्नायडरचा प्रश्न वेगळा होता. असा माणूस खरोखर आला तर जग त्याचं काय करेल, आणि हे माहीत असलेला बाप आपल्या पोराला काय शिकवेल? शाळेची बस पाण्यात बुडते, पोरगा सगळ्यांना वाचवतो, आणि बाप त्याला रागावतो. 'मग काय मरू द्यायचं होतं?' या प्रश्नावर केव्हिन कॉस्टनरचा जोनाथन केंट 'कदाचित' म्हणतो. लोकांना ते उत्तर आवडलं नाही. मला त्यात घाबरलेला बाप दिसतो आणि तो फार खरा वाटतो.

कॅव्हिलने काय केलं ते बघायचं तर पहिलं उड्डाण बघा. झेप घेतो, डोंगरावर आदळतो. पुन्हा उठतो, बर्फावर मूठ टेकवतो, आसपासचे कण तरंगायला लागतात, आणि दुसऱ्यांदा जमल्यावर जो हसतो, त्या हसण्यात तेहतीस वर्षं दडपून ठेवलेलं सगळं बाहेर येतं. हान्स झिमरचं संगीत आहेच, पण तो चेहरा कॅव्हिलचा आहे. खलनायक झॉडची मान मोडल्यावरची ती किंकाळी तशीच. या दोन जागा ज्याने बघितल्यात त्याने 'नुसता देखणा' म्हणू नये.

आणि अन्याय झालाच. २०१७ मध्ये स्नायडरच्या घरात मुलीच्या मृत्यूचं दुःख आलं, तो 'जस्टिस लीग' सोडून गेला, जॉस वीडनने पुन्हा चित्रीकरण केलं, आणि दुसऱ्या चित्रपटासाठी राखलेली कॅव्हिलची मिशी संगणकावर पुसण्यात आली. तो ओठ सगळ्या जगाने बघितला. 'मॅन ऑफ स्टील'चा दुसरा भाग कधी निघालाच नाही. मग २०२२ मध्ये त्याला बोलावलं, जाहीर करू दिलं आणि दोन महिन्यांच्या आत घरी पाठवलं. नवीन दिग्दर्शकाला नवीन नट हवा, हे मला समजतं. एका माणसाला असं वागवणं मला समजत नाही.

गल्ल्याचं बोलायचं तर 'मॅन ऑफ स्टील'ने २०१३ मध्ये जगभरात ६६ कोटी डॉलरच्या वर कमावले. नवा ६१ कोटींच्या आसपास थांबला. तेव्हा 'लोकांनी स्नायडरला नाकारलं' हे वाक्य तरी बंद करा.

घाटमाथा

कॅव्हिलला मिळालेल्या वागणुकीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मात्र ऑक्टोबरमध्ये त्याला परत आणणारे आणि डिसेंबरमध्ये नाही म्हणणारे, हे वेगवेगळे लोक होते. गन मध्ये आला. आधीच्यांनी दिलेला शब्द त्याच्या गळ्यात पडला.

गल्ल्याची दुसरी बाजू अशी की अमेरिकेत नव्याने ३५ कोटींच्या वर कमावले, जुन्याचे २९ कोटी होते. बाहेरच्या देशांत तो कमी चालला. पण गल्ल्यावरून सुपरमॅन ठरवायचा नाही हे आपण दोघंही मान्य करू.

निळावंती

कुणीच अजून लोइसबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते या चित्रपटातली सगळ्यात मोठी निवड रेचल ब्रॉस्नहनची आहे, आणि कोरेन्स्वेट चांगला दिसतो तो निम्मा तिच्यामुळे.

तो मुलाखतीचा प्रसंग. तिच्या घरात तो तिच्या आवडीचं खाणं करतोय, दोघं तीन महिने एकत्र आहेत, तिला त्याचं गुपित माहीत आहे. तो म्हणतो, घे माझी मुलाखत, सुपरमॅन म्हणून. ती ध्वनिमुद्रक चालू करते आणि त्या क्षणी तिचा चेहरा बदलतो. प्रेयसी जाते, वार्ताहर येते. तू बोराविया या देशाचा हल्ला थांबवलास तो कुणाला विचारून? राष्ट्राध्यक्षांशी बोललास? परिणामांचा विचार केलास? तो आधी आरामात उत्तरं देतो, मग अडखळतो, मग आवाज चढतो. माणसं मरत होती, हे एवढंच त्याच्याकडे उत्तर आहे, आणि ते त्याला पुरेसं वाटतं आणि तिला वाटत नाही. हा प्रसंग दहा मिनिटांहून लांब चालतो. दोन माणसं, एक स्वयंपाकघर, एकही ठोसा नाही. इतक्या खर्चाच्या चित्रपटात एवढा वेळ नुसत्या बोलण्याला द्यायला दिग्दर्शकाचा आपल्या नटांवर विश्वास लागतो.

जून २०२३ मध्ये शेवटच्या चाचण्या झाल्या तेव्हा सुपरमॅन आणि लोइस यांच्या जोड्या लावून बघितल्या होत्या. निकोलस होल्टही सुपरमॅनसाठी आला होता, लोइससाठी एमा मॅकी आणि फीबी डिनेव्हर होत्या. निवड एकेकट्याची झाली नाही, जोडीची झाली, ते पडद्यावर दिसतं. २०१३ च्या चित्रपटात एमी ॲडम्ससारखी अभिनेत्री होती आणि तिला बहुतेक वेळ धावायला आणि वाचवून घ्यायला लावलं. तोही घाटमाथा म्हणतात तसा दिग्दर्शकाचाच निर्णय.

एक खंत. भारतात शेवटचं ते हवेतलं चुंबन कापून दाखवलं. प्रसंग एकदम तुटतो. दोन तास ज्या नात्याला दिले त्याचा शेवटचा तुकडाच प्रेक्षकाला मिळाला नाही. यू/ए प्रमाणपत्राच्या चित्रपटात पडणाऱ्या इमारती आणि गोळ्या चालतात, आणि दोन प्रेमी माणसांचं चुंबन चालत नाही, याचा मला मनापासून राग आला.

रातकिडा

माझा आक्षेप गनच्या गुणवत्तेवर नाही. 'गार्डियन्स'चे तिन्ही भाग मला आवडतात. आक्षेप असा की जो माणूस स्टुडिओचा प्रमुख आहे तोच लेखक, तोच दिग्दर्शक. त्याला 'हे काढ' असं कोण सांगणार? सॅफ्रन आहे, पण तो निर्मितीची बाजू बघतो.

याचे परिणाम चित्रपटात दिसतात. १२९ मिनिटांत सुपरमॅन, लोइस, खलनायक लेक्स, गाय गार्डनर, हॉकगर्ल, मिस्टर टेरिफिक, मेटामॉर्फो, इंजिनिअर, अल्ट्रामॅन, क्रिप्टो, आणि शेवटी सुपरगर्लसुद्धा. नेथन फिलियन हा गनचा जुना मित्र, त्याच्या पहिल्या चित्रपटापासूनचा. त्याचा गाय गार्डनर मजेदार आहे, वाद नाही. एडी गथेगीचा टेरिफिक तर मला मुख्य पात्रांपेक्षा लक्षात राहिला. पण तो लक्षात राहतो हेच दुखणं आहे. ज्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मारामारीची सगळे वाहवा करतायत ती टेरिफिकची आहे, सुपरमॅनची नाही.

आणि घाटमाथा, तुमचाच मापदंड लावतो. चष्मा लावलेला क्लार्क या चित्रपटात किती वेळ आहे? डेली प्लॅनेटमध्ये थोडासा, आणि संपलं. वेंडेल पिअर्ससारख्या नटाला संपादक पेरी व्हाइट करून जवळपास काहीच काम दिलेलं नाही. स्नायडरने क्लार्क दिला नाही म्हणून तो दोषी, तर गनला माफी का?

घाटमाथा

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की गनने क्लार्कला चष्म्याबाहेर काढला. रीव्हच्या वेळी क्लार्क हे सोंग होतं आणि सुपरमॅन खरा. इथे उलट आहे. लोइसच्या स्वयंपाकघरात चिडणारा, शेतावर आईबापांच्या घरी लहानपणीच्या खोलीत पडून राहणारा, बर्फात हाडं मोडून पडल्यावर कुत्र्याला शीळ घालणारा, हा सगळा क्लार्कच आहे, अंगावर निळा पोशाख असला तरी. राक्षसी प्राण्याशी झुंज चालू असताना तो एक खार उचलून बाजूला ठेवतो. तिथे सुपरमॅन काही करत नाहीये, कॅन्ससच्या शेतावर वाढलेला पोरगा ते करतोय.

पेरी व्हाइटबद्दल मात्र तुमचं बरोबर. आणि डेली प्लॅनेटच्या कचेरीत क्लार्क कामाला बसलेला मला अजून हवा होता.

पोशाखाचं एक सांगतो, कारण त्यात दिग्दर्शक आणि नट यांचं नातं दिसतं. गनला लाल चड्डी ठेवावी की नाही हे ठरत नव्हतं. कोरेन्स्वेट त्याला म्हणाला की हा माणूस डोळ्यांतून आग ओकतो, इमारती उचलतो, आणि लहान मुलांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटतं, म्हणून तो कुस्तीगिरासारखा भडक वेश घालतो. गनने हे स्वतः मुलाखतींत सांगितलंय. चड्डी राहिली. मे २०२४ मध्ये पहिलं छायाचित्र आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा. खिडकीबाहेर शहरावर संकट कोसळतंय आणि हा थकलेला माणूस वाकून बूट चढवतोय. 'पोशाख चुरगळलाय', 'हा हरलेला दिसतो'. आता चित्रपट बघितल्यावर ते छायाचित्र पुन्हा बघा. ज्या गोष्टींना लोक नावं ठेवत होते त्याच दाखवायच्या होत्या.

तांबडी_माती

आपल्याकडे हा वाद फार जुना नाही, पण त्याची चुणूक बघितलीय. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ 'शक्तिमान' चालू होता. पंडित गंगाधर म्हणजे क्लार्क केंटच, चष्मा, पुढे आलेले दात आणि वर्तमानपत्रातली नोकरी सगळं धरून. मुकेश खन्ना यांना शक्तिमान म्हणून सगळे आठवतात, पण आमच्या घरी आईला गंगाधर जास्त आवडायचा. घाटमाथांचा मुद्दा मला त्यामुळे लगेच पटला.

त्यावर चित्रपट करायचं २०२२ मध्ये जाहीर झालं. रणवीर सिंगचं नाव चर्चेत आल्यावर २०२४ मध्ये खन्ना यांनी उघड विरोध केला. लोकही लगेच रणवीर हवा की नको यावर दोन गट करून बसले. दिग्दर्शक म्हणून बेसिल जोसेफचं नाव घेतलं जात होतं, त्याच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. 'मिन्नल मुरली'मध्ये त्याने केरळातल्या एका गावातला शिंपी घेतला, त्याच्यावर वीज पडली, आणि त्याच विजेने शक्ती मिळालेला खलनायक इतक्या मायेने लिहून घेतला की शेवटी त्याच्यासाठी जीव तुटतो. असा दिग्दर्शक मिळाला तर गंगाधर कोण करतो हा नंतरचा प्रश्न. आधी दिग्दर्शक मिळू द्या.

ओहायोकर

मी क्लीव्हलंडजवळ राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात इथे चित्रीकरण झालं. डाउनटाउनमधला पब्लिक स्क्वेअर आणि आसपासचे रस्ते अडवले होते, रस्त्यावर ढिगारे, चेपलेल्या गाड्या, आणि मेट्रोपोलिस पोलिसांच्या म्हणून रंगवलेल्या गाड्या. ऑफिसातून निघालेली माणसं कठड्यापाशी थांबून बघत होती. सुपरहिरोंचं न्याय-सभागृह म्हणून जी इमारत दिसते ते सिनसिनाटीचं जुनं रेल्वे स्थानक, युनियन टर्मिनल. सत्तरच्या दशकातल्या कार्टूनमधलं सभागृह मुळात त्याच स्थानकावरून काढलं होतं, म्हणजे गन मुळापाशी गेला.

पण या शहराचं नातं त्याहून जुनं आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही पोरं इथल्या ग्लेनव्हिल वस्तीतली, शाळासोबती. दोघंही स्थलांतरित ज्यू घरांतली. जेरीच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं, १९३२ मध्ये दुकानात चोरी होत असताना ते कोसळले आणि गेले. त्यानंतर काही वर्षांत या पोरांनी असा माणूस कल्पिला ज्याला गोळी लागत नाही. १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो छापून आला, आणि त्याचे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले होते.

म्हणून गन जेव्हा म्हणाला की सुपरमॅन ही बाहेरून येऊन इथे वाढलेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि त्यावरून इथे वादळ उठलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून तीच आहे. लेक्स त्याला सरळ 'परका' म्हणतो, सरकार त्याला ताब्यात देतं, आणि खटल्याशिवाय कोंडून ठेवलं जातं. व्हिसाच्या कागदांवर घरदार टांगून ठेवलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसांना ते प्रसंग बघताना पोटात गोळा येतो. कोरेन्स्वेट शेवटी लेक्सला जे सांगतो, की मीही इतरांसारखाच माणूस आहे, घाबरतो, चुकतो, तरी रोज उठून प्रयत्न करतो, ते तो ओरडून सांगतो पण त्यात घमेंड नाही. त्या दोन मिनिटांसाठी ही निवड मला पूर्ण पटली.

पारावरची_सभा

नटांच्या निवडीवर बोलताना मायकल कीटनचं उदाहरण लोक हटकून देतात. १९८८ मध्ये तो बॅटमॅन होणार कळल्यावर वॉर्नरकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि तो उत्तम ठरला. जोकर झालेल्या हीथ लेजरचंही तसंच. म्हणून चाहत्यांनी गप्प बसावं, असा सूर असतो. मला हे पटत नाही. जेसी आयझेनबर्गला लेक्स केला तेव्हा हीच ओरड झाली होती, आणि २०१६ च्या चित्रपटानंतर ती ओरड बरोबर होती असंच बहुतेकांचं मत राहिलं. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट सहायक नटाचा रॅझी त्यालाच मिळाला.

आयझेनबर्ग वाईट नट नाही. त्याला तोंडाने बडबड आणि हातवारे करायला सांगितलं, तो ते करत राहिला. नवा लेक्स निकोलस होल्ट त्याच्या उलट आहे. तो हलतच नाही. नियंत्रण कक्षात उभा राहून तो मारामारीच्या चालींचे क्रमांक ओरडतो, जणू बुद्धिबळाचा डाव सांगतोय. आणि माली नावाच्या माणसाचा प्रसंग. दिनेश त्यागराजनने केलेला तो फलाफलवाला, सुपरमॅनला एकदा मदत केली एवढाच त्याचा गुन्हा. लेक्स त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो, एक प्रश्न, एक चाप, एक प्रश्न, एक चाप. होल्टच्या चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा आहे. गोळी सुटते तेव्हा माझ्या शेजारचा पोरगा रडायला लागला. त्या एका प्रसंगाने लेक्सचा मत्सर किती विषारी आहे ते कळतं, पुढची भाषणं नसती तरी चाललं असतं.

होल्ट बॅटमॅनच्या वेळी शेवटपर्यंत पोचून पॅटिन्सनसमोर हरला होता, इथे सुपरमॅनसाठी आला आणि लेक्स घेऊन गेला. सुपरमॅन व्हायचं राहून गेलेला माणूस सुपरमॅनचा मत्सर करतोय. ही निवड ज्याने केली त्याला नट वाचता येतात.

चौथी_रांग

होल्टबद्दल मान्य. मालीचा प्रसंग मला रात्रभर पुरला.

पण सुपरमॅनचा जन्मदाता बाप जोर-एल, त्याचं काय? क्रिप्टॉन या त्याच्या मूळ ग्रहावरून आलेल्या निरोपाचा उरलेला भाग उलगडतो आणि कळतं की आईबापांनी पोराला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलंय. ब्रॅडली कूपरला घेतलं ते एवढ्यासाठी? मार्लन ब्रँडोपासून रसेल क्रोपर्यंत जोर-एल हा उदात्त बाप होता. स्नायडरने जोनाथनला एक 'कदाचित' म्हणायला लावलं तर पात्राचा खून केला म्हणून बारा वर्षं ऐकवलं गेलं. गनने खुद्द जोर-एलला हुकूमशहा केलं आणि सगळे टाळ्या वाजवतायत. मापं दोन कशी?

निळावंती

चौथी_रांग, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

मलाही ते आधी खटकलं. कुणीतरी उठून निरोप खोटा होता असं सांगेल म्हणून मी शेवटपर्यंत वाट बघत होते. कुणी सांगत नाही. पण मग तो शेतावर जातो. प्रुइट टेलर व्हिन्सचा जोनाथन केंट बघा. जाडसर, घामेजलेला, शब्द शोधत बोलणारा साधा शेतकरी. कॉस्टनरसारखा रुबाब नाही. तो पोराला सांगतो की आईबापांनी तुला काय व्हायला सांगितलं याने तू ठरत नाहीस, तू काय करतोस त्याने ठरतोस. बोलता बोलता त्याचा गळा दाटतो. जोर-एल चांगला असता तर या प्रसंगाला वजनच राहिलं नसतं. चांगुलपणा रक्तातून आला नाही, या दोन म्हाताऱ्यांनी तो घडवला, हे सांगायचं तर रक्ताची बाजू काढून घ्यावी लागते.

सुरुवातीला बर्फातल्या किल्ल्यात यंत्रमानव त्याला बरं करताना जोर-एल आणि जन्मदाती आई लारा यांचा निरोप लावतात, कारण त्याने त्याला शांत वाटतं. शेवटी तोच किल्ला, तेच यंत्रमानव, पण पडद्यावर केंट दांपत्याने काढलेल्या घरगुती चित्रफिती. गनने प्रदर्शनाची तारीख जाहीर केली तेव्हा ११ जुलै हा आपल्या गेलेल्या वडिलांचा वाढदिवस आहे असं लिहिलं होतं. हे माहीत असेल तर हा चित्रपट कुणाबद्दल आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मापं दोन आहेत हे खरंच. स्नायडरचा जोनाथन भीतीपोटी बोलतो आणि वादळात पोराला हाताने थांबवून मरतो, तो प्रसंग मी आजही डोळे पुसत बघते. त्याला फार लवकर मोडीत काढलं गेलं.

चौथी_रांग

निळावंती, आभार. जोर-एल मला अजूनही पचत नाही. क्रिप्टॉन हे हरवलेलं, आठवायला सुंदर असं काहीतरी असावं, असं मला वाटतं, आणि ते हिरावून घेतल्यावर सुपरमॅनच्या एकटेपणातलं काहीतरी कायमचं जातं. पण तुम्ही सांगितलेली दोन टोकं जुळतात खरी.

रातकिडा

पुढचा 'मॅन ऑफ टुमॉरो' ९ जुलै २०२७ ला जाहीर झालाय, पुन्हा लेखक-दिग्दर्शक गनच. लेक्स आणि सुपरमॅनला एका मोठ्या संकटासमोर एकत्र यावं लागतं असं त्याने सांगितलंय. होल्ट आणि कोरेन्स्वेट यांना समोरासमोर भरपूर वेळ मिळणार असेल तर मला आनंदच आहे, ती जोडी हा या चित्रपटाचा कमावलेला ऐवज आहे. माझी मागणी एवढीच की यात आणखी सहा नवी पात्रं भरू नयेत. 'सुपरगर्ल' क्रेग गिलेस्पीकडे दिला ते योग्य केलं, गनने सगळं स्वतःकडे ठेवलं नाही.

घाटमाथा

सहा पात्रांबद्दल +१. आणि पेरी व्हाइटला निदान एक पूर्ण प्रसंग हवा. क्लार्क सुपरमॅनच्या मुलाखती स्वतःच छापतो हे लोइसला खटकतं, तिने ते तोंडावर काढलंय. संपादकाला कळलं तर? वेंडेल पिअर्स आणि कोरेन्स्वेट, केबिनचं दार बंद, दहा मिनिटं. गन हे लिहू शकतो, मुलाखतीच्या प्रसंगात त्याने ते सिद्ध केलंय.